सहावा खिळा

“हिंदुराव, खडू आहे का रे खिशात?”

लोपीससाहेब विमानाच्या पोटाखाली वाकून उभे होते. डोक्यावर हजार हजार पौंडांचे सहा बॉम्ब टांगलेले, आणि या माणसाला खडू हवा होता. एकाहत्तर सालचा डिसेंबर. चार वाजून गेले होते आणि साडेचारला विमान शत्रूचा एक पूल पाडायला उडायचं होतं.

“साहेब, मी काय शाळामास्तर आहे?” असं म्हणत मी खडू दिलाच. बॉम्बवर आकडे टाकायला आमच्याकडे असायचाच तो.

त्यांनी मागच्या, सहाव्या बॉम्बवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘वसईहून सप्रेम’. मग दोन पावलं मागं सरून बघितलं आणि ‘सप्रेम’खाली एक रेघ ओढली.

“अक्षर बरं आहे की नाही?”

“झकास आहे. पण वाचणार कोण? तिकडं मराठी येतं कुणाला?”

“अरे, वाचायला वेळ कुठं मिळणार त्यांना!” असं म्हणून ते हसले. फेब्रुवारीत त्यांचं लग्न होतं. वसईला केळीच्या बागेत मांडव पडणार, हिंदुराव आणि त्याची बायको पहिल्या पंगतीला, असं महिनाभर ऐकत होतो. त्यांची आई घरून सुके बोंबील पाठवायची. अर्धे ते मला द्यायचे आणि आमच्या हौसाच्या हातची लसणाची चटणी माझ्याकडून उकळायचे. खाताना डोळ्यांतून पाणी काढायचे, पण सोडायचे नाहीत. ऑफिसर होते, तरी माझ्याशी शेजारच्या आळीतल्यासारखे बोलायचे.

मी हिंदुराव नलवडे, कोरेगाव तालुक्यातला. तेव्हा हवाई दलात कॉर्पोरल होतो. विमानाला बॉम्ब लावायचे आणि ते नीट सुटतील असं बघायचं, हे माझं काम. आमचं विमान कॅनबेरा. त्यात दोनच माणसं. विमान चालवायला स्क्वाड्रन लीडर माधव कर्णिक, आणि वाट दाखवायला नि बॉम्ब टाकायला नेव्हिगेटर, फ्लाइट लेफ्टनंट सायमन लोपीस. त्या पंजाबी मुलखात आम्ही तिघंच मराठी. कर्णिकसाहेब फार बोलायचे नाहीत. त्यांना बघितलं की माझी टोपी आपोआप सरळ व्हायची.

आता पिनांचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं.

बॉम्ब ज्या आकड्याला टांगलेला असतो त्यात एक लोखंडी पिन घालतात. करंगळीएवढी. ती आत आहे तोवर वरून कितीही बटणं दाबली तरी बॉम्ब सुटत नाही. जमिनीवर चुकून पडू नये म्हणून ती सोय. विमान निघायच्या आधी मी सगळ्या पिना काढायच्या, विमानापुढं उभं राहून हात वर करून वैमानिकाला दाखवायच्या. त्यानं मोजायच्या. सहा भरल्या की तो अंगठा दाखवणार, मगच विमान हलणार. कर्णिकसाहेब काचेमागून बोट हलवत एकेक पिन मोजायचे. एकदा फिती गुंतल्या होत्या तर मला परत हात वर करायला लावला होता.

पिनेला लाल फीत असते, लांबून दिसावी म्हणून. सरकारी फिती तेलानं कुजून गेल्या होत्या. नव्या येता येईनात. हौसानं माझ्या ट्रंकेत चोळीचा एक लाल खण दिला होता, तुमच्या विमानाला देवीचा म्हणून बांधा म्हणाली होती. मी तो फाडून त्याच्या सहा फिती केल्या आणि पिनांना शिवल्या. सगळ्या तळावर माझ्या फितींचं कौतुक झालं. पिना ठेवायला एक फळी केली होती, तिला सहा खिळे. काढलेल्या पिना त्यावर लावायच्या. खिळे भरले की काम झालं, डोक्याला ताप नाही.

त्या दिवशी सकाळी सहाव्या पिनेची फीत तुटली. सुईदोरा बराकीत होता. बराक मैलभर लांब.

उद्या शिवू म्हटलं.

लोपीससाहेब खडूनं लिहीत होते तेव्हा मी पहिल्या बॉम्बाशी होतो. ते विमानात चढले, कर्णिकसाहेब चढले, इंजिनं सुरू झाली. त्या आवाजात काही ऐकू येत नाही. पण पलीकडची माणसं धावायला लागली तसं मला कळलं, भोंगा झालाय. शत्रूची विमानं येताहेत. आणि आमचं विमान बॉम्बांनी भरलेलं, उघड्यावर उभं. एक गोळी लागली असती तर आमच्यातलं कोणी उचलायलाही उरलं नसतं.

मी भित्रा माणूस आहे. आज सांगायला लाज नाही वाटत, तेव्हा वाटायची. पोटाखाली वाकलो आणि लाल दिसेल ते ओढत सुटलो. लाल, ओढ. लाल, ओढ. लाल दिसायचं संपलं तसा बाहेर पळालो. पुढं जाऊन हात वर केला. हात इतका थरथरत होता की फिती फडफडत होत्या.

कर्णिकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. लगेच अंगठा दाखवला. विमान हललं.

मी खंदकात उडी टाकली. शत्रूची विमानं आली, धावपट्टीच्या पल्याड शेतात दोन बॉम्ब टाकून गेली. आमचं विमान त्याआधीच उडालं होतं. खंदकातून वर आलो, अंगावरची माती झटकली, जिवंत आहे म्हणून देवीला हात जोडले. शेडमध्ये गेलो आणि सवयीनं पिना फळीला लावायला लागलो.

एक. दोन. तीन. चार. पाच.

सहावा खिळा रिकामा होता.

खिसे चाचपले. खंदकात जाऊन चार पायांवर माती उकरली. विमान उभं होतं तिथं गुडघ्यावर बसून शोधलं. सापडणार कुठून? मला माहीत होतं ती कुठं आहे. ‘वसईहून सप्रेम’च्या वर, फितीवाचून, आकड्यात घट्ट. तो बॉम्ब सुटणार नव्हता.

मी तिथंच बसलो. वॉरंट ऑफिसर ग्रेवाल माझे वरिष्ठ. ते फोनजवळ बसले होते. फोन थेट टॉवरला जोडलेला. माझ्याकडं बघून म्हणाले, “नलवडे, सब ठीक?”

त्या क्षणाबद्दल मी आयुष्यभर विचार केलाय. सांगायला काय लागलं असतं? सर, एक पिन राहिली. पाच शब्दसुद्धा नाहीत. टॉवरनं विमानाला कळवलं असतं, एक सुटणार नाही, पाच टाका आणि या. बस्स. पण युद्धाच्या दिवसांत पिन विसरणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. कोर्ट मार्शल. तुरुंग. पोरगा अडीच महिन्यांचा. गावात मला निरोप द्यायला वेशीपर्यंत माणसं आली होती, वाजंत्री लावून.

“ठीक है सर,” मी म्हणालो.

फळी मी उलटी करून ठेवली. मनाला समजावत बसलो की पाच पुष्कळ झाले. एका पुलाला पाच बॉम्ब म्हणजे काय थोडे? एक अडकला तर घेऊन परत येतील, त्यात काय. पण मन कसलं ऐकतंय! कर्णिकसाहेब ताटात शीत न ठेवणारा माणूस. एक बॉम्ब शिल्लक ठेवून ते माघारी येतील? ते परत फिरणार. पहिल्यांदा जाताना शत्रू बेसावध असतो, दुसऱ्यांदा नसतो. दुसऱ्यांदा त्याच्या सगळ्या तोफा जाग्या असतात. हे मला कळत होतं. विमान तिथं पोचायला अजून अर्धा तास होता आणि फोन माझ्यापासून हातभर होता.

मी उठलो. फोनजवळ गेलो. ग्रेवालसाहेबांनी वर बघितलं.

“क्या है?”

“चाय लाऊं सर?”

चहा आणला. बशीत सांडला. ग्रेवालसाहेब म्हणाले, डरो मत, बमबारी खतम हो गई. त्यांना वाटलं मी मघाच्या हल्ल्याला भ्यालोय. मी मान हलवली. घड्याळात पाच वाजले, सव्वापाच झाले, साडेपाच झाले. साडेपाचला ते पुलावर असणार होते. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट मी कसं काढलं ते माझं मला माहीत. सूर्य गेला. दिवे लावायला बंदी होती, त्यामुळं शेडमध्ये कोणाचं तोंड दिसेना. माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं, तेवढं एक बरं झालं.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. ग्रेवालसाहेबांनी ऐकलं आणि उभे राहिले.

“एक बम अटका है. नेव्हिगेटर को गोली लगी है.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुझे जाना पड़ेगा, नलवडे.”

अडकलेला बॉम्ब घेऊन येणारं विमान इमारतींपासून लांब, धावपट्टीच्या टोकाला उभं करतात. पोटाची दारं उघडी ठेवतात. कसा अडकलाय, कशावर टेकलाय, कोणाला ठाऊक नसतं. धक्क्यानं सुटेल, फुटेल, काही सांगता येत नाही. म्हणून नियम कडक. आधी एकटा आर्मामेंटवाला, म्हणजे माझ्यासारखा बॉम्ब लावणारा, आत जाणार, आकड्यात पिन घालणार, बाहेर येऊन हात वर करणार. तोवर डॉक्टर नाही, आगीचा बंब नाही, कोणी म्हणजे कोणी शंभर यार्डांच्या आत यायचं नाही.

विमान उतरलं ते एका अंगाला कलत उतरलं. नाकाच्या काचेला भलं मोठं भोक पडलं होतं. तिथंच लोपीससाहेब आडवे पडून बॉम्ब टाकायचे. इंजिनं बंद झाली आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत उघड्या दारातून कर्णिकसाहेबांचा आवाज आला.

“लवकर! अरे लवकर या कुणीतरी!”

मराठीत ओरडत होते. त्या मैदानात तो शब्द कळणारा मी एकटाच होतो.

डॉक्टर स्ट्रेचर घेऊन शंभर यार्डांच्या रेघेवर थांबले होते. सगळे माझ्याकडं बघत होते. मी धावलो. मागून कोणीतरी म्हणालं, शाबाश जवान. मी धावत होतो कारण मला बॉम्बची भीती नव्हती. त्यात पिन आहे हे मला ठाऊक होतं. अख्ख्या तळावर तो बॉम्ब सुरक्षित आहे हे मलाच ठाऊक होतं, आणि मी जागच्या जागी वळून हात हलवला असता तर डॉक्टर तेव्हाच आले असते.

पोटाखाली वाकलो. बॅटरी लावली. ‘वसईहून सप्रेम’. खडूचं अक्षरसुद्धा पुसलं नव्हतं, खालची रेघही तशीच. आणि वर आकड्यात पिन, तेलानं काळी, फितीवाचून.

आता काय? लगेच बाहेर गेलो तर? एवढ्यात पिन घातली कशी, असं ग्रेवालसाहेब विचारतील. अडकलेल्या बॉम्बला पिन घालायची म्हणजे आकडा तपासायचा, भोकाशी भोक जुळवायचं, दोन मिनिटं लागतात. चोराच्या मनात चांदणं. मी तिथं वाकून उभा राहिलो आणि मनात आकडे मोजायला लागलो.

एक, दोन, तीन.

“लवकर रे!” वरून आवाज. पत्र्याच्या पल्याड, माझ्या डोक्यापासून आठ-दहा फुटांवर.

वीस. एकवीस. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. मी पुसला नाही. तीस. चाळीस. काहीतरी हालचाल ऐकू आली, बूट घासल्यासारखी. एकाच माणसाचे बूट होते की दोघांचे, मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं मला.

साठ झाले तसा मी बाहेर आलो आणि हात वर केला.

“पिन लगा दी सर!”

डॉक्टर धावले. लोपीससाहेबांना काढायला तिघं लागले. मी तोंड फिरवून उभा होतो. कर्णिकसाहेब सगळ्यांत शेवटी उतरले. मानेपासून कमरेपर्यंत रक्तानं माखलेले, त्यांचं स्वतःचं नव्हे. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एवढा वेळ माझ्याकडं बघत राहिले की मला वाटलं, संपलं, आता हे बोलणार आणि मी पायावर पडणार.

“पिन घातलीस?” त्यांनी विचारलं.

“घातली साहेब.”

“बरं,” म्हणाले आणि ॲम्ब्युलन्समागं चालत गेले.

लोपीससाहेब गेले. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. कुठं, कधी, हे मी विचारलं नाही.

चौकशी झाली. तिला मी गेलो आणि पाच मिनिटांत बाहेर आलो. आकडा तपासला, तारा तपासल्या, सगळं ठणठणीत. कारण सापडत नाही, असं लिहून फाइल बंद झाली. बॉम्ब उतरवल्यावर सहावी पिनही मी खिळ्याला लावली होती, त्यामुळं माझी फळी बघितली तर सहाच्या सहा पिना जाग्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची. कर्णिकसाहेबांना वीर चक्र मिळालं. एक बॉम्ब न सुटल्यानं तोफांच्या भडिमारात दुसऱ्यांदा लक्ष्यावर गेले, जखमी सोबत्याला घेऊन मोडकं विमान परत आणलं, असं त्यात होतं. आणि मला प्रशस्तिपत्र. जिवंत बॉम्बखाली जिवाची पर्वा न करता गेल्याबद्दल.

ते पत्र पोरानं मोठं झाल्यावर काचेत बसवून बैठकीत लावलं, शेजारी नोकरी सुटताना मी घरी आणलेली ती पिनांची फळी. पंधरा ऑगस्टला शाळेत भाषणाला बोलवायचे, मी आजारी पडायचो. माजी सैनिकांच्या मेळाव्यात कर्णिकसाहेब येणार असले की माझं पोट हटकून बिघडायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा ब्रह्मराक्षस पुण्यात पाषाणला राहत होता. पंचेचाळीस वर्षं मी त्या बाजूची गाडी धरली नाही. रात्री झोपेत मी आकडे मोजतो, असं हौसा म्हणायची. काय मोजता, विचारायची. मी म्हणायचो, पोती.

हौसा जायच्या आधी आठ दिवस अंथरुणावर होती. एका दुपारी म्हणाली, “अवं, त्या फळीवरच्या पाच फिती माझ्या खणाच्या हायत्या. सहावीला का न्हाई?” तिनं विचारलं ते सहज की जाणून, देव जाणे. मी तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, ते साठ आकडेसुद्धा.

“जाऊन सांगून या,” म्हणाली. “त्यास्नी. मला सांगून काय उपेग?”

तिला जाऊन महिना झाला आणि मी पुण्याची एसटी धरली.

कर्णिकसाहेब व्हरांड्यात बसले होते. ऐंशीचे झाले होते, गुडघ्यावर शाल. मुलगी चहा ठेवून आत गेली. भिंतीवर पदक कुठं दिसेना. लोपीससाहेबांचा एक फोटो होता, वाकून हसतानाचा.

“साहेब, मी नलवडे.”

“ओळखलं. बसा.”

मला पहिल्यांदाच अहोजाहो केलं त्यांनी. मला ते सहन होईना. बसलो नाहीच. खिशातून पिन काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

“साहेब, ही सहावी. त्या दिवशी मी काढलीच नव्हती.”

त्यांनी ती उचलली, दोन बोटांत फिरवून बघितली.

“हिला फीत नाही.”

“सकाळीच तुटली होती. उद्या शिवू म्हटलं होतं साहेब. मला टॉवरला सांगता आलं असतं. फोन समोर होता. मी भ्यालो. तुमच्या पाया पडतो, काय शिक्षा करायची ती करा.”

“नलवडे.”

“जी.”

“पाच होत्या. मी मोजल्या होत्या.”

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणताहेत.

“तुम्ही हात वर केला, मी मोजल्या, पाच भरल्या. वाटलं, गुंतल्या असतील. परत दाखव म्हणायला दहा सेकंद लागले असते. पण भोंगा झाला होता, वर शत्रू होता, आणि मला तिथून पळायचं होतं.” ते पिनेकडं बघून बोलत होते. “लोक भाषणात वीर म्हणतात. मला पळायचं होतं, म्हणून मी अंगठा दाखवला.”

“मग साहेब, दुसऱ्यांदा कशाला गेलात? सुटणार नाही हे कळल्यावर?”

“पाच पडले. सहावा राहिला. सायमन म्हणाला, सर, माझाच राहिला, वसईचा, चला परत जाऊ. मी काय सांगणार होतो त्याला? पिन आत आहे, मी मोजून गप्प बसलो, असं? तोंड उघडेना. म्हटलं, एक फेरी मारू, बटण दाबू देऊ त्याला, नाही सुटला की परत फिरू. कोणाला कळणार नाही. दोन मिनिटांचा प्रश्न.” त्यांनी पिन टेबलावर ठेवली. “त्या दोन मिनिटांचं पदक आहे ते.”

आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी कधी बसलो ते मला आठवत नाही.

“आणि उतरल्यावर मला माहीत होतं, बॉम्ब सुरक्षित आहे,” ते म्हणाले. “नुसतं ओरडलो असतो, या रे, काही होत नाही, तर डॉक्टर आले असते. मी ओरडलो ते फक्त लवकर, लवकर. कारण सांगितलं असतं तर विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत.”

मग मीही सांगितलं. पोटाखाली काही न करता उभा होतो ते. साठ आकडे. ऐकताना त्यांनी डोळे मिटले.

“साहेब,” मी म्हणालो, “एकच विचारायचंय. मी मोजत होतो तेव्हा ते जिवंत होते का?”

“नाही,” ते म्हणाले. “येताना सरहद्दीची नदी ओलांडायच्या आधीच गेला होता.”

चटकन बोलले. त्या दिवशी अंगठा दाखवला होता तितकंच चटकन. मेलेल्या माणसासाठी कोणी लवकर लवकर ओरडत नाही. ते मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. पण त्यांनी दिलं ते मी घेतलं. दुसरं काय करणार?

“त्याची आई पंच्याऐंशी सालापर्यंत होती,” ते म्हणाले. “दर फेब्रुवारीत मी वसईला जायचो. मला बोंबील बांधून द्यायची. म्हणायची, तुम्ही माझ्या पोराला परत आणलंत.”

मी उठलो. पिन टेबलावरच राहू दिली, त्यांनीही घेऊन जा म्हटलं नाही. फाटकापर्यंत आलो आणि मागं वळलो. कर्णिकसाहेब काठीला धरून उभे राहिले होते. त्यांनी हात वर केला, बोटं सगळी पसरून, आणि तसाच धरून ठेवला. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा पाहुण्याला निरोप देतोय.

मी फाटकात उभं राहून एकेक बोट मोजलं. पाच होती.